एक हेडफोन, दोन वायरी

आमच्या घरात कायम कुणीतरी झोपलेलं असायचं. बाबा चाकणला प्रेस शॉपमध्ये, माझा मोठा भाऊ विकास भोसरीला पेंट शॉपमध्ये, आणि दोघांच्याही शिफ्ट आठवड्याला बदलायच्या. बाबांची थर्ड असली की ते सकाळी येऊन चहा पिऊन जे आडवे व्हायचे ते पार चार वाजेपर्यंत. विकासची सेकंड असली की तो रात्री उशिरा येऊन दुपारच्या जेवणापर्यंत घोरायचा. पिंपळे गुरवातल्या त्या दोन खोल्यांत या दोघांची झोप आधी मांडलेली असायची आणि उरलेल्या जागेत आई आणि मी वावरायचो. दाराची बेल बाबांनी स्वतःच्या हातानं काढून ठेवली होती. दूधवाल्याला ताकीद होती, हाक मारायची नाही, पिशवी कडीला अडकवायची आणि चालू लागायचं. कुकरची शिट्टी नको म्हणून आई वरण पातेल्यातच शिजवायची. मिक्सर होता, पण खोक्यात. शेंगदाण्याची चटणी कुटायला आई खाली घरमालकीण काकूंच्या ओसरीवर जायची आणि तिथं मनसोक्त धडाधडा कुटून घ्यायची. भाकरी थापायला बसली की हातातल्या बांगड्या वर सारून त्यांना रबर लावायची. ज्वारीची भाकरी आवाज न करता थापता येते हे तुम्हाला सांगून खरं वाटायचं नाही, पण आमच्या आईला यायची. बोलणं सगळं खुणांनी. तळहात गालाला लावला की बाबा झोपलेत, मान खिडकीकडे वळली की पाणी आलं, आणि नाक फेंदारलं की समजायचं, विकासनं मोजे पुन्हा पलंगाखाली टाकलेत.

आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. जगाचा रविवार तो आमचा गुरुवार. त्या दिवशी चौघंही जागे, चौघंही घरात, बोलायला कुणाची आडकाठी नाही, आणि तरी आम्ही कुजबुजत बोलायचो! सवयच तशी. एकदा गावाहून चुलते आले होते. ते अर्धा दिवस बसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, घरात काही बिनसलंय का? कुणी मोठ्यानं बोलंना झालंय." आता माझ्या घरी येणारे पाहुणे मी फार मोठ्यानं बोलते म्हणून तक्रार करतात. करू देत. मी साठवलेलं खर्च करतेय.

हे सगळं कशासाठी, ते आधी सांगायला हवं, नाहीतर माझे बाबा तुम्हाला जमदग्नी वाटतील. तसे ते नव्हते. प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारी मशीन. वरून खाली येते, आणि खाली काय आहे ते बघत नाही. बाबांच्या शेजारच्या मशीनवर आमच्याच जिल्ह्यातले एक काका होते. घरी पाहुणे होते म्हणून दिवसभर झोप झाली नाही, तसेच थर्डला गेले, आणि पहाटे डोळा लागला. उजव्या हाताची बोटं गेली. बाबा दवाखान्यात त्यांच्याजवळ बसून आले आणि घरी येऊन आईला एवढंच म्हणाले, "हात हायत तवर भाकर हाय. माझी झोप सांभाळ." त्या दिवसापासून आईनं बाबांची झोप म्हणजे देवघरातल्या समईसारखी जपली. आणि त्यात आपला स्वतःचा आवाज कधी मिटला, ते तिचं तिलाही कळलं नसावं.

मी तेव्हा महाळुंग्याला एका कंपनीत लागले होते. गाडीच्या पोटात वायरींचा जो जाडजूड जुडगा असतो ना, बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत जाणारा, त्याला हार्नेस म्हणतात. आम्ही पोरी तो बनवायचो. लांबलचक बोर्डावर खिळ्यांच्या मधून वायरी ओढायच्या, टोकं दाबायची, कापडी टेप गुंडाळायची. कंपनीच्या बसमध्ये मी कानात स्वस्तातले इअरफोन घालून बसायची. नाशिक फाट्यावर सुरू झालेली गाणी मोशीला संपायची, मध्ये ड्रायव्हरभाऊंचा हॉर्न त्यांना तबल्यासारखी साथ करायचा. त्या इअरफोनचा आवाज कसा, तर पत्र्याच्या डब्यात कुणी मुंग्या सोडल्यासारखा. पण मला तेवढाही गोड लागायचा. घरात आवाज नाही, कंपनीत नुसता गोंगाट, आणि मला दोन्हीच्या मधलं काहीतरी हवं होतं. नीट, निवांत ऐकण्यासारखं. दिवाळीचा बोनस हातात आला तेव्हा छाया म्हणाली, "सोन्याचे टॉप घे गं." छाया म्हणजे माझ्या बोर्डावरची मैत्रीण, चाकणजवळच्या खेड्यातली, जिभेला हाड नसलेली. मी म्हणाले, "कानातच घालणारे, पण टॉप नाही."

बाबांना विचारल्याशिवाय घरात काडी यायची नाही. गुरुवारी जेवताना मी विषय काढला, की मला गाणी ऐकायची मशीन करायचीय. प्रवासात बरोबर नेता येईल अशी आणि घरातही लावता येईल अशी. बाबांनी भाकरीचा तुकडा वाटीत तसाच धरला. "घरात?" मी म्हणाले, "कानाला लावूनच ऐकायचं, बाहेर टाचणीचाही आवाज येणार नाही." बाबा विचार करून म्हणाले, "कर. पण एकदा जरी माझी झोप मोडली, तर तुझी ती मशीन मी स्वतः डोक्यावर घेऊन भंगारात देऊन यीन. मग रडायचं न्हाई." आईनं माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. तिला वाटलं, पोरगी फसली. मला वाटलं, जिंकले!

वापरलेला पण चांगला हेडफोन विकायचाय अशी मोबाइलवर जाहिरात बघून मी माण गावाला गेले. विकणारा आयटीतला इंजिनियर, उंच इमारतीतला, दाढीवाला. बायकोला तोंडभरून वहिनी म्हणावं असं त्याचं साधं घर होतं, पण एका कपाटात नुसते हेडफोन टांगलेले. मला वाटलं हा दुकानदार आहे. त्याची बायको म्हणाली, "दुकानदार असता तर बरं झालं असतं. विकतो एक, आणतो दोन." तो मात्र मनापासून सांगत होता. उघडे असतात त्यांचा आवाज मोकळा, पण बाहेर गळतो. बंद असतात ते आतलं आत ठेवतात. बसमध्ये, आणि झोपलेल्या माणसांच्या घरात, बंदच हवा. आणि सगळ्यात कामाची गोष्ट त्यानं सांगितली ती ही, की या हेडफोनची वायर सुटी होते. "आखूड वायर लावली की प्रवासाचा, लांब लावली की घरचा. हेडफोन एक, वायरी दोन. उगाच दोन हेडफोन घेऊ नका, माझ्यासारखी गत होईल." मग म्हणाला, "आधी बसून ऐका." काळा, जाड, कान पूर्ण झाकणारा तो हेडफोन त्यानं माझ्या डोक्यावर ठेवला आणि जग बंद झालं. पंखा गेला, खालची वाहतूक गेली. मग एक बाई गाऊ लागली. गाऊ लागायच्या आधी तिनं श्वास घेतला, आणि तो मला ऐकू आला! आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की गाण्यात माणूस असतो. तबलजीचं बोट कातड्यावरून घसरलं तेही कळलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, परक्याच्या सोफ्यावर. तेवढ्यात वहिनींनी समोर येऊन काहीतरी विचारलं. ओठ हलले ते चहाबद्दल असावं म्हणून मी आपली हळूच "हो चालेल" म्हणाले. ते हळूच नव्हतं. त्यांचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला. कान बंद असले की आपल्याला आपला आवाज ऐकू येत नाही आणि माणूस ओरडतो, हे दाढीवाल्यानं हसत हसत मला समजावलं. मी लाजून चहा संपवला आणि हेडफोन पोटाशी धरून बस पकडली.

घरच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर मिळाला कुदळवाडीच्या भंगारात. हा विकासचा उद्योग. गुरुवारी मला गाडीवर मागे बसवून घेऊन गेला आणि गंजलेल्या फ्रिजांच्या, मोटारींच्या ढिगाऱ्यातून चंदेरी तोंडाचा, धोंड्यासारखा जड असा एक जुना अ‍ॅम्प त्यानं हुडकून काढला. सोबत लाकडी पेटीतले दोन स्पीकर. "भावा, चालू आहे का?" असं विकासनं विचारलं तर भंगारवाला म्हणाला, "चालू असता तर इथं आला असता का?" उत्तर रास्त होतं. घरी आणून आम्ही तो खोलला, आतली धूळ पेंटच्या ब्रशनं झाडली, आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची तिथं स्प्रे मारला. एक तुटलेला सांधा मी कथिलाचा डाग देऊन जोडला, आणि दिवा लागला. त्याच्यात एक खुबी होती. हेडफोनची पिन आत खुपसली की स्पीकर आपोआप गप्प व्हायचे. पिन काढली की बोलायला लागायचे. म्हणजे एरवी हेडफोन आणि गुरुवारी स्पीकर. मला तर गगन ठेंगणं झालं. अर्थात यातला धोकाही मला दिसत होताच. बाबा झोपलेले असताना पिन चुकून निसटली, तर स्पीकर बोंबलणार आणि माझी मशीन निघणार भंगाराला.

म्हणून ती लांब वायर मी विकत न घेता स्वतः केली. आमच्या कंपनीतून वायरीचं टोकसुद्धा बाहेर नेता यायचं नाही, गेटवर पर्ससुद्धा उलटी करून बघायचे. माल बाजारातून आणला, पण काम मात्र अस्सल महाळुंग्याचं. आम्हा दोघींना एकदा बदली सुट्टी मिळाली तेव्हा छाया घरी आली, आणि आम्ही जमिनीवर बसून, खुणांनी बोलत, ती वायर ओवली, डाग दिले, दोन्ही टोकांना ताण बसू नये म्हणून घडी घातली आणि वरून काळी कापडी टेप अशी तिरकी गुंडाळली की आमचा सुपरवायझर बघता तर पासचा शिक्का मारता. चौकटीला, कपाटाच्या कडेला क्लिपा मारून ती स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत नेली. पिनेपाशी तर अशी घट्ट आवळली की बैल जुंपला तरी निसटू नये. छायानं सगळीकडून निरखलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लई झ्याक झालीया. आता फकस्त चार चाकं लाव अन् गाडी म्हून वीक." आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसलो, कारण आत बाबा झोपले होते.

मग सुरू झाले माझे सुखाचे दिवस. सकाळी आखूड वायर लावायची, मोबाइल पिशवीत, आणि बसमध्ये मोशी कधी आली कळायचं नाही. संध्याकाळी घरी येऊन लांब वायर. विकासला त्याचं वेड लागलं. तो ढोलताशे ऐकायचा, डोळे मिटून, नुसते खांदे उडवत, आणि बाजूनं बघणाऱ्याला वाटायचं याला फिट येतेय. गुरुवारी स्पीकर लागायचे, आणि बाबा पेपर वाचता वाचता पायाच्या अंगठ्यानं ताल धरायचे, मी बघितलं की अंगठा थांबायचा. राहिली आई. तिनं काही तो हेडफोन डोक्यावर चढवू दिला नाही. "माय माय! कानाला झाकणं घालून बसले तर दूध उतू गेलेलं कळायचं कसं? अन् ह्यांनी हाक मारली तर?"

आई गायची, हे मी फक्त ऐकून होते. माहेरी, तिकडं लातूरकडं, हळदीच्या गाण्यांना तिला पंचक्रोशीतून बोलावणं यायचं म्हणे. मावशी सांगायची, "तुझी माय मांडवात बसली की नवऱ्याकडच्या बायका चळचळा कापायच्या." त्या गाण्यांची रीत अशी की एक बाई ओळ टाकते आणि बाकीच्या ती उचलतात. त्याला झील धरणं म्हणतात. टाकलेली ओळ कुणी उचलली नाही तर टाकणारीचा अपमान होतोच, आणि नवरीलाही ते चांगलं नाही असं बायका मानतात. म्हणून पोटात दुखत असलं तरी झील धरायचीच. त्या साली मावशीच्या मुलीचं लग्न होतं. नेमकी बाबांची थर्ड. दोन घास करून घालायला आणि झोप राखायला घरी कुणी नाही म्हणून आई गेली नाही. फक्त तो सगळा आठवडा चटणी कुटायला ती दोनदोनदा खाली जायची. लग्नानंतर मावशीनं हळदीच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर पाठवलं. मी आईला म्हणाले, "हे तरी ऐक. दूध मी बघते." ती तयार होईना. दोनचार दिवस गेले, आणि एका दुपारी स्वतःच ओट्याखाली लसूण सोलत बसली असताना मला खूण करून म्हणाली, आण तुझं ते टोपडं.

मला त्या दिवशी बदली सुट्टी होती. बाबांची थर्ड सुरू होती, ते आतल्या खोलीत गाढ. विकास फर्स्टला गेलेला. मी आईच्या डोक्यावर पदरावरून हेडफोन बसवला, अ‍ॅम्पची पिन घट्ट आहे ना ते बघितलं, मोबाइल जोडला, आवाज बेताचा ठेवला. आईचा चेहरा बघत थांबले. पहिल्यांदा ती दचकली. मग तिनं आजूबाजूला बघितलं, जणू कुणी घरात शिरलंय. मग बोटावर मोजायला लागली, ओठ हलवून, आवाज न करता: ही सरू, ही आक्का, ही बघ मागची, तिला खोकला झालाय. तिच्या कानात तिचं माहेर भरलं होतं. मी कपड्यांची बादली उचलून गच्चीवर गेले.

दोन चादरी वाळत घातल्या असतील नसतील, आणि खालून आवाज आला. बाईचा. खणखणीत. माझ्या हातातली उशीची खोळच गळून पडली. गेली! पिन निसटली! स्पीकर सुरू झाले आणि बाबा झोपलेत! मी जिन्यावरून कशी उतरले ते माझं मलाच ठाऊक. उतरता उतरता डोळ्यांसमोर बाबा अ‍ॅम्प डोक्यावर घेऊन निघालेले, आणि त्याच्याही पुढे, ते तसेच जागे, लाल डोळ्यांनी प्रेससमोर उभे राहिलेले दिसत होते. अ‍ॅम्पचं एक वेळ सोसलं असतं. पण त्यांचे हात! दारात पोचले. पिन जागच्या जागी, घट्ट. स्पीकर मुके. आणि माझी आई, मांडीवर लसणाचं ताट, डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, घर डोक्यावर घेऊन गात होती:

"पिवळी झाली बोटं बाई, पिवळा झाला ओटा,
नवरी माझी साधी भोळी, नवरदेव खोटा!"

मग थांबायची, मान तिरकी करायची, कारण कानात सरू पुढची ओळ टाकत असायची, जी आम्हाला कुणाला ऐकू येत नव्हती. आणि सरूची ओळ संपली की आई ती उचलायची. उचलणारच की. तिच्यासाठी ती मांडवात होती, ओळ टाकलेली होती, तशीच पडू देणार होती का ती? आपण मनात म्हणतोय असं तिला वाटत होतं. कान बंद होते ना. आवाज कसा, तर उसाच्या रसासारखा, गोड आणि मध्येच खरखरीत. मला माहीत नव्हतं माझ्या आईकडे हा आवाज आहे.

आतल्या दारात बाबा उभे होते. बनियनवर, केस विस्कटलेले. मी आईच्या खांद्याला हात लावायला पुढे झाले तर त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात. आणि दुसऱ्या हातानं मला गप्प राहायची खूण केली. जिन्यात घरमालकीण काकू येऊन उभ्या होत्या, पदर खोचलेला. त्या म्हणाल्या, "कोन गातंय गं? मला वाटलं टीव्ही हाय. व्हय गं बाई, ही तर आपली शांता!" बाबांनी त्यांनाही हात करून गप्प केलं. गॅसवरचं दूध उतू गेलं, शेगडी चरचरली, जळका वास सुटला. कुणीही हललं नाही.

गाणी संपली. आईनं डोळे उघडले आणि समोर ही एवढी जत्रा. तिनं हेडफोन ओरबाडून काढला. "अगं माय! मी... मोठ्यानं म्हणायले होते का? उठलाव तुमी?" तिला रडूच कोसळलं. "तुमची झोप मोडले की वो. पोरीचं सामान फेकू नका, तिची काही चूक न्हाई, मलाच भान राहिलं न्हाई." बाबा ओट्याजवळ गेले, आधी गॅस बंद केला, मग भिंतीला टेकून जमिनीवर बसले. म्हणाले, "कोण फेकायलंय? ते नवरदेव खोटा परत म्हण." आई म्हणाली, आता नाही येत. बाबा म्हणाले, म्हण की. तिनं तोंड उघडलं, आवाज फुटेना. खरंच फुटेना. तेव्हा बाबांनी तो हेडफोन उचलला आणि आपल्या दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर घातला. उलटा घातला, उजवा कान डाव्याला, पट्टी मानेवर. मी सरळ करायला गेले तर म्हणाले, "असू दे. लाव तू." मी लावलं. आई भिंतीकडे तोंड करून गायली, आणि माझे बाबा, ज्यांच्यासाठी आम्ही बांगड्यांना रबर लावायचो, ते मांडीवर थाप देत बसले.

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवस कलला तसं मी सारखी त्यांच्या डोळ्यांकडे बघू लागले. झोप अर्धीसुद्धा झाली नव्हती. आईही बघत होती. तिनं दोनदा अंथरूण झटकून पुन्हा घातलं. शेवटी ती म्हणालीच, "आडवं व्हा थोडं. रातच्याला मशीनवर..." बाबा म्हणाले, "आज खाडा." खाडा म्हणजे विनारजा गैरहजेरी, पगार तर कापला जातोच, वर साहेबांची बोलणी. बाबांनी सगळ्या नोकरीत कधी खाडा केला नव्हता. तापानं फणफणलेले असतानासुद्धा गेले होते. "आज खाडा," ते पुन्हा म्हणाले, स्वतःलाच ऐकवल्यासारखं, आणि हसले. "हात शाबूत ठेवून खाडा केलाय, काय बिघडतंय? अन् कुकर कुठंय आपला? वरणाला आज शिट्टी होऊ दे."

विकास ओव्हरटाइम करून परतला तो जिन्यातच थबकला. घरातून कुकरची शिट्टी, मिक्सरची घरघर, आणि बाबांचं मोठ्यानं बोलणं. तो चपलेसकट आत आला, पांढराफटक पडलेला. "कोण गेलं?" आई, मी आणि बाबा एवढे हसलो की खालून काकू विचारत्या झाल्या, आता काय झालं. तो दिवस साधा मंगळवार-बुधवार कुठलातरी असेल, पण माझ्या लेखी आमच्या घरातला पहिला खरा गुरुवार तोच. जेवण झाल्यावर बाबांनी स्वतः दाराची बेल पुन्हा जोडली, झोपेच्या वेळी बंद करायला बटण ठेवून. दुसऱ्या दिवसापासून झोपेचा नेम पहिल्यासारखाच राहिला म्हणा, तो राहायलाच हवा होता. पण बाबांची थर्ड नसली की दुपारचा एक तास आईचा असायचा, हे घरात ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका, बाबांनीच.

माझं लग्न ठरलं ते चाकणच्या बाजूला, छायाच्याच गावात. त्यात छायाचा हात होता, पण तो किस्सा वेगळा. हळद आमच्या इमारतीच्या खाली, पार्किंगमध्ये मांडव घालून. मी पाटावर बसलेली, अंगभर पिवळी. आणि आई खाली आली ती नवी पैठणी नेसून, केसांत गजरा, आणि गजऱ्याच्या वर तो काळा हेडफोन! वायर नाही. आखूडही नाही, लांबही नाही. नुसते कान झाकलेले. विकासनं कपाळाला हात लावला. माझ्या सासरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. आई खुशाल मांडी घालून बसली आणि तिनं पहिली ओळ टाकली, अशी की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून बघायला लागला. माझ्या सासूबाई हसून हसून म्हणाल्या, "विहीणबाई, कानात काय चालू हाय? आमाला बी ऐकू द्या की!"

आईनं एका कानावरची वाटी उचलली. "कायबी चालू न्हाई, बाई. माझाच आवाज मला ऐकू येऊ नये म्हणून घातलंय. ऐकू आला की वाटतं, घरात कुणीतरी झोपलंय. अन् तोंड मिटतं."

सासूबाईंचं हसू थांबलं. बाबा मांडवाच्या खांबापाशी उभे होते, त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. आईनं वाटी पुन्हा कानावर बसवली आणि पुढची ओळ इतक्या जोरात टाकली की माझ्या नणंदेच्या मांडीवर गाढ झोपलेलं तान्हं दचकून जागं झालं आणि भोकाड पसरून रडू लागलं. आईनं ते बघितलं. थांबली नाही.